मी रद्द केलेला सत्कार

शहाणपणा जास्त झाला की माणूस तोंडावर कसा आपटतो, हे ऐकायचंय? मग चहा घ्या, बिस्किटांची बशी इकडे सरकवा, आणि मधे हसू नका. शेवटी हसा. शेवटी तुम्ही हसणारच आहात, माझी तयारी आहे.

मी मुग्धा. इंदिरानगरची. सहा वर्षं जर्मनीत, लाइपझिगला शिकत होते. गेल्या वर्षी परत आले ते नाशिक सुधारायला. हसू नका म्हटलं ना! खरंच सुधारायला आले होते. कचरा वेगळा कसा करायचा, रस्त्यावर सायकलींना जागा कशी द्यायची, हे सगळं मी वहीत लिहून आणलं होतं. त्याबद्दल मला कुणी विचारलं नाही. कार्यक्रम कसे करावेत याबद्दल मात्र, दुर्दैवाने, विचारलं.

त्याचं कारण जॉनी भामरे.

हे नाव ऐकलं नसेल तर तुमच्या वडिलांना विचारा. मूळचे जनार्दन. कळवणच्या शेतकऱ्याच्या घरातले. एकोणिसाव्या वर्षी घरातून पळाले, मुंबई गाठली, केस वाढवले आणि रॉक गायला लागले. आधी इंग्रजीत, मग चक्क मराठीत. आणि हे त्या काळात, जेव्हा मराठी गाण्यात इलेक्ट्रिक गिटार वाजली तर लोक शेजारच्या मांडवातला आवाज येतोय म्हणून दार लावून घ्यायचे!

माझे बाबा ओझरच्या विमान कारखान्यात होते. त्यांच्याकडे जॉनींची एक कॅसेट होती. तीच मी मोबाइलवर उतरवून नेली होती. लाइपझिगला हिवाळ्यात चार वाजता अंधार पडायचा. घरची आठवण आली की बाकीच्या मुली वरणभाताचा कुकर लावायच्या, मी जॉनी भामरे लावायचे. तो खरखरीत, जात्यातून दळून आल्यासारखा आवाज कानात आला की वाटायचं, आपलंही कुणीतरी या जगात मान वर करून उभं आहे.

तेव्हा आमच्या भागातल्या रसिक मंडळाने जॉनींना बोलवायचं ठरवलं हे कळल्याबरोबर मी त्याच संध्याकाळी मंडळाच्या समितीत दाखल झाले. कुणी बोलावलं नव्हतं. मीच गेले.

समितीचे अध्यक्ष वाघ सर. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या हॉलमध्ये बैठक. सरांनी कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली.

"साडेसहा वाजता दीपप्रज्वलन. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय. त्यानंतर श्री. जॉनी भामरे यांचा शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह देऊन सत्कार. मग प्रमुख पाहुण्यांचं मनोगत..."

"सर, आणि गाणं?"

"गाणं आहे ना. आठ वाजता."

मी उभीच राहिले. म्हटलं, "सर, हा रॉकचा कार्यक्रम आहे! बंडखोरीचं संगीत आहे हे! ज्या माणसाने आयुष्यभर व्यवस्थेला शिंगावर घेतलं, त्याच्या हातात तुम्ही नारळ देणार?"

"मग काय देणार?"

"माइक!"

त्यानंतर मी किती वेळ बोलले ते मला आठवत नाही. समितीतल्या एका काकांची सात वाजताची इन्सुलिनची वेळ झाली होती, एवढं आठवतं. शेवटी सगळ्यांनी घाईघाईने हात वर केले. सत्कार रद्द, भाषणं रद्द, प्रमुख पाहुणेही रद्द; साडेसहाला थेट गाणं. ठराव मांडला मुग्धाने, अनुमोदन इन्सुलिनवाल्या काकांचं, सर्वानुमते मंजूर. वाघ सरांनी तो इतिवृत्ताच्या वहीत अशा चेहऱ्याने लिहिला, जसं घरातलं कुणी गेल्याचं पत्र लिहावं.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट सांगून ठेवते, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. म्हणजे मी किती मोठा खड्डा खणत होते ते तुम्हाला पहिल्यापासून दिसेल.

सत्काराचा उल्लेख असलेल्या पत्रिका आधीच छापून गेल्या होत्या. त्यातली एक कळवणला पोहोचली. जॉनींची थोरली बहीण तिथे राहते. सगळे तिला आक्का म्हणतात. ऐंशीच्या पुढची. आई लवकर गेल्यावर तिनेच जॉनींना वाढवलं. पन्नास वर्षं ही बाई गावाला सांगत होती, माझा भाऊ मोठा कलाकार हाय. आणि पन्नास वर्षं गाव तिला एकच विचारत होतं, "मग त्याचा कुठं सत्कार कसा काय होत नाय?"

मुद्दा बिनतोड होता. गावात ग्रामसेवक बदलून गेला तरी सत्कार होतो. दहावीला साठ टक्के पडले तरी होतो. एका वर्षी शर्यत जिंकलेल्या बैलालासुद्धा शाल मिळाली. फक्त आक्काच्या भावाला नाही.

त्यामुळे पत्रिका हातात पडताच आक्काने गावातले तीन सगळ्यांत मोठे शंकेखोर निवडले, जीप केली आणि त्यांना म्हणाली, "चला. डोळ्यांनीच बघा." म्हणजे त्या संध्याकाळी एका म्हातारीची पन्नास वर्षांची इज्जत एका शालीवर आणि एका नारळावर टांगलेली होती. आणि ते दोन्ही मी, अत्यंत ध्येयवादाने, रद्द केलं होतं.

कार्यक्रम गंगापूर रोडच्या पलीकडे एका द्राक्षबागेत होता. जानेवारीची संध्याकाळ. नाशिकची थंडी तुम्हाला सांगायला नको. मी दारावर उभी. छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, डोक्यात क्रांती.

सव्वासहाला जीपमधून एक नऊवारी आणि मागे तीन पांढऱ्या टोप्या उतरल्या.

"पोरी, सत्कार किती वाजता हाय?"

झालं! माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला, म्हणजे चुकीचाच. वाटलं, वाघ सरांचा हा डाव आहे. गावाकडची माणसं आणून, लोकाग्रह म्हणून, मागच्या दाराने सत्कार घुसवणार!

"आजी," मी गोड आवाजात म्हटलं, "सत्कार नाही. रद्द झाला."

तिघा टोप्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातला एक हळूच म्हणाला, "मी काय बोललो व्हतो?"

आजींचा चेहरा पडला. "रद्द? कोणी केला? पोरी, ऐक, मी त्याची..."

"तुम्ही त्यांच्या चाहत्या! मीसुद्धा! म्हणूनच सांगते आजी, खऱ्या कलाकाराला शालीची गरज नसते..." आणि मी सुरू झाले. तिने तीनदा तोंड उघडलं. तीनदा मी ते माझ्या वाक्यांनी बंद केलं. शेवटी मी त्या चौघांना सगळ्यात मागे, युनूसभाईंच्या साउंडच्या टेबलाशेजारी खुर्च्या दिल्या. आणि माझी माणुसकी बघा हं, आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून चौघांच्या हातात जर्मनीहून आणलेली फोमची बुचं ठेवली. "ही कानात घाला. काही ऐकू येणार नाही."

तेवढी एक गोष्ट त्या संध्याकाळी मी सांगितली तशी घडली.

मग मी जॉनींना भेटायला गेले. मंचामागे द्राक्षांचे क्रेट ठेवायची खोली होती, तिथे ते बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे. काळं चामडी जॅकेट, पांढरी शेंडी... म्हणजे मागे बांधलेले केस हो! आणि डोक्यावर माकडटोपी. कोमट पाण्याने गुळण्या चालल्या होत्या. सहा वर्षं कानात असलेला माणूस समोर गुळण्या करतोय!

"बेटा," त्यांनी विचारलं, "सत्कार गाण्याच्या आधी आहे की नंतर?"

किती धास्तावलेत बिचारे, मला वाटलं.

"काळजी करू नका सर. मी तो रद्द केलाय."

"रद्द?"

"पूर्ण."

"म्हणजे... अगदी नारळसुद्धा?"

"नारळसुद्धा! दुकानात परत!"

त्यांचे डोळे ओलसर दिसले. कृतज्ञता, दुसरं काय? मी पाणी प्यायला दिलं.

"कळवणहून कुणी आलंय का?" त्यांनी थोड्या वेळाने विचारलं.

"सर, नातेवाईक, ओळखीचे, कुणालाही तुमच्यापर्यंत पोहोचू दिलेलं नाही. मी स्वतः दारात उभी होते."

त्यांनी माकडटोपी काढली आणि बराच वेळ तिच्या आत पाहत बसले. मी हळूच बाहेर आले. कलाकार एकाग्र होत होता ना!

कार्यक्रम साडेसहाला म्हणजे साडेसहाला सुरू झाला. युनूसभाई म्हणाले, "बेटी, तीस साल झाले मला या धंद्यात. वेळेवर सुरू झालेला पहिला शो. माझी तर बिर्याणी पण झाली नाही."

आणि काय गायले हो! पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. वरचा सूर आता लागत नाही त्यांना. पण सूर जवळ आला की ते माइक आमच्याकडे वळवायचे आणि तो सूर आम्ही, चारशे नाशिककर, मिळून लावायचो. त्यांनी आम्हाला दिलेला सूर चाळीस वर्षांनी आमच्याकडून परत घेत होते जणू. दोन गाण्यांनंतर ते स्टुलावर बसले, पण टाच मात्र फळीवर अशी आपटत होते की ढोलवाल्याने त्यांच्याकडे बघून वाजवावं. मी पहिल्या रांगेत होते. माझा घसा गेला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

तिसऱ्या गाण्यानंतर त्यांनी कपाळावर हात धरून गर्दीत पाहिलं. "इथं कळवणचं कुणी आहे का?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"कळवणचं... कुणीच नाही?"

मागे चार माणसं कानात नारिंगी बुचं घालून शांतपणे बसली होती. जर्मन माल. एक अक्षर आत जात नव्हतं.

चौथं गाणं पडलं. आवाज तोच, पण त्यातला जोरच गेला. मी मात्र टाळ्या वाजवतेय. म्हटलं, वा! काय व्याकूळता आणलीय!

तेवढ्यात युनूसभाई वाकत वाकत माझ्यापर्यंत आले.

"बेटी, त्या मागच्या आजीला तू ओळखते का?"

"हो! चाहत्या आहेत."

"चाहत्या? अगं, त्या जॉनीसाहेबांच्या सख्ख्या बहीण हायेत! मी चहा दिला, बुचं काढायला लावली, तर रडायलाच लागल्या. म्हणे, सत्काराला आणलं गावाला, आता कोणत्या तोंडानं परत जाऊ? आणि ते टोपीवाले शेजारी बसून हसतायत."

जिना उतरताना तुम्हाला कधी असं झालंय? पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी? मला तसं झालं. गुळण्या, टोपी, ओले डोळे, 'मी त्याची', सगळं एकदम डोक्यावर कोसळलं.

मी धावत मागे गेले. आक्कासमोर गुडघ्यावर बसले.

"आक्का, चुकले मी. मला माहीत नव्हतं."

"तू सांगूच दिलं नाय, पोरी," ती म्हणाली. रागाने नाही. तेच जास्त लागलं.

"मी आत्ता करते सत्कार! तुम्हीच घाला त्यांना शाल!"

ती डोळे पुसत म्हणाली, "मी घालून काय उपेग? घरच्यानं घातली तर ते पांघरूण. परक्यानं घातली तर ती शाल."

त्यावर तीनही टोप्यांनी मान डोलावली. कायदाच तो.

मी वाघ सरांकडे पळाले. ते एका वेलीच्या मांडवाखाली उभे होते.

"सर, सत्कार करायचाय. आत्ता."

"शक्य नाही. ठराव झालाय. मांडणारी तूच."

"मग रद्द करा ठराव!"

"त्याला बैठक लागते."

आणि मंडळी, जॉनी भामरेंचं पाचवं गाणं चालू असताना द्राक्षाच्या वेलीखाली, मोबाइलच्या उजेडात, समितीची तातडीची बैठक झाली! मी ठराव मांडला. इन्सुलिनवाल्या काकांनी कुठे सही करायची एवढंच विचारलं. सर्वानुमते मंजूर.

"शाल?" मी विचारलं. मग माझं लक्ष गेलं. ती शाल सरांच्याच अंगावर होती.

"थंडी होती गं," ते पुटपुटले. "दुकानदार परत घेईना. नवीच आहे तशी. तासभरच पांघरलीय."

नारळ युनूसभाईंनी दिला. "आमच्या गाडीत एक जादा असतोच. प्रत्येक मंडळाला मशीनसमोर फोडायला लागतो."

"आणि प्रमुख पाहुणे?" सर म्हणाले. "ते तर तू नको म्हणालीस. आता देणार कुणाच्या हस्ते?"

आक्काने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही परकी हाय. शिकल्याली पण हाय."

युनूसभाईंनी आक्काला आणि टोप्यांना पहिल्या रांगेत आणून बसवलं. जॉनींनी तिला पाहिलं आणि गाणं मधेच थांबलं. ओळच विसरले ते. आक्का खालून ओरडली, "गा, गा! थांबू नको!" आणि हो, त्यानंतर जो आवाज लागला ना! वरचा सूर त्या एका गाण्यात त्यांनी आमच्याकडून घेतला नाही. स्वतःच लावला.

गाणं संपलं. वाघ सर माइकवर आले. सत्कार रद्द झाल्यापासूनचा त्यांचा उपास सुटत होता. "जर्मनीहून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या विदुषी कुमारी मुग्धा यांच्या शुभहस्ते..."

मी मंचावर चढले. हातात शाल, नारळ. समोर आक्का, ताठ बसलेली. बाजूला तीन टोप्या, डोळे बारीक करून. मला फक्त शाल घालायची होती. एवढंच! पण माझ्यासमोर माइक होता. वाटलं, दोन शब्द बोलावेत. या माणसाचं मोठेपण त्या टोप्यांना कळायला नको?

मग मी बोलले. कॅसेटबद्दल बोलले. लाइपझिगच्या अंधाराबद्दल बोलले. बंडखोरी म्हणजे काय यावर बोलले. जॉनी सर शेजारी उभे, मान किंचित झुकवलेली, शाल पडायची वाट बघत. ढोलवाला खाली बसला. कुणीतरी खोकलं. थंडी एवढी वाढली की माझे दात वाजायला लागले, पण मी थांबले नाही. दात वाजवत बोलले. जागतिक संगीतातल्या मराठी माणसाच्या स्थानापर्यंत पोहोचले होते.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर काहीतरी ऊबदार पडलं.

जॉनी सरांनी माझ्या हातातली शाल काढून घेतली होती आणि हलकेच मलाच पांघरली होती. "बेटा, गारठलीस," ते कानाशी म्हणाले. "आता पुढचं गाणं घेऊ?"

शाल पडली की टाळ्या वाजवायच्या, हे नाशिकच्या प्रेक्षकांना झोपेतही कळतं. कडकडाट झाला. फोटोवाल्याने फ्लॅश मारला. आणि मी? सवयीने, हो, अगदी सवयीने, सगळ्यांना नमस्कार केला आणि शाल-नारळासकट मंचावरून खाली उतरले!

दोन गाणी होईपर्यंत मला कळलंसुद्धा नाही. मग मांडीवरच्या नारळाकडे लक्ष गेलं. सत्कार झालाच नव्हता. म्हणजे झाला होता, माझा झाला होता! आक्काकडे बघायची हिंमत झाली नाही. कार्यक्रम संपायच्या आत मी मागच्या वाटेने घरी पळाले.

तिसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो आला. खाली ओळ, 'ज्येष्ठ गायक जॉनी भामरे यांच्या हस्ते सत्कार स्वीकारताना कु. मुग्धा.' बाबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि चष्मा पुसला.

रविवारी मी कळवणला गेले. माफी मागायची, शाल परत द्यायची, आक्का बोलेल ते ऐकून घ्यायचं.

आक्काच्या पुढच्या खोलीत तो फोटो चौकटीत लावलेला. खाली तिन्ही टोप्या चहा पीत बसलेल्या. मी दारातच थिजले.

"ये, ये!" आक्का हसतेय! "बस. आगं, सत्कार तर बैलाचाबी व्हतो. पण ज्याच्या हातानं व्हतो, तो मोठा माणूस! आमदाराच्या हातानं व्हतो, कलेक्टरच्या हातानं व्हतो. आन् आता माझ्या भावाच्या हातानं!"

टोप्यांनी गंभीरपणे मान डोलावली. पन्नास वर्षांचा वाद मिटला होता. निकाल आक्काच्या बाजूने.

माझा जीव एवढा हलका झाला म्हणून सांगू! मी चहाचा कप उचलला, तेवढ्यात एका टोपीने माझ्याकडे आणि फोटोकडे आलटून पालटून पाहिलं.

"आक्का, पर या पोरीचा सत्कार कशाबद्दल केला म्हनावं त्यांनी?"

आक्काने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाली, "कशाबद्दल नाय बाबा. बोलायची थांबत नव्हती."